व्हॉयव्हॉडची पहिली सहा वर्षं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेटल ऐकणाऱ्या मंडळींत व्हॉयव्हॉडचं नाव काढलं की दोनच उत्तरं मिळतात. एक, 'तो विचित्र बँड ना?' आणि दुसरं, 'नाव ऐकलंय, पण...' या 'पण'च्या पुढचे प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेलेत की एकदाची सगळी उत्तरं एका जागी लिहून टाकतो. इथे मुख्यतः १९८२ ते १९८८ एवढाच काळ आहे. त्यापुढचं आलं तर ओघात येईल.

एका दमात सांगा, हा बँड कोणता?

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जाँकिएर नावाचं गाव आहे, तिथे १९८२ साली जमलेला चौघांचा थ्रॅश मेटल (म्हणजे भरधाव, आक्रमक मेटल) बँड. गायक स्नेक म्हणजे दनी बेलांजे, गिटारवर पिगी म्हणजे दनी दामूर, बासवर ब्लॅकी म्हणजे जाँ-ईव्ह तेरिओ आणि ड्रमवर अवे म्हणजे मिशेल लांजव्हँ. एका बँडमध्ये दोन दनी, त्यामुळे टोपणनावांची सोयच झाली म्हणायची. या चौघांनी १९८४ ते १९८८ मध्ये चार अल्बम काढले: 'वॉर अँड पेन', 'र्‍रोऽऽऽर', 'किलिंग टेक्नॉलॉजी' आणि 'डायमेन्शन हॅट्रॉस'. चारही एकाच बँडचे आहेत यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

नावाचा अर्थ काय? उच्चार कसा करायचा?

व्हॉय-व्हॉड. स्लाव्ह भाषांमधला जुना शब्द आहे, 'सैन्य नेणारा' असा त्याचा सरळ अर्थ. म्हणजे आपला 'सेनानी'च, शब्दाची बांधणीही तशीच. अवेला तो ड्रॅक्युलाच्या कादंबरीत सापडला आणि त्याने तो आपल्या चित्रातल्या एका योद्ध्याला देऊन टाकला. बँडचं नाव त्या योद्ध्यावरून पडलं. म्हणजे इथे बँडच्या आधी पात्र आहे.

जाँकिएरसारख्या आडगावातून असलं संगीत कसं काय निघालं?

हा खरा प्रश्न. इथे जरा थांबू.

नकाशावर क्वेबेक शहर शोधा आणि तिथून उत्तरेला जा. मधे जंगल आणि डोंगर, साधारण दोनशे किलोमीटर. मग सॅगने नदीचं खोरं लागतं. मॉन्ट्रियल तिथून साडेचारशे किलोमीटरच्या पुढे. हिवाळा लांबलचक आणि कडक. लोक फ्रेंच बोलणारे. कामधंदा म्हणजे कागदाच्या गिरण्या आणि ॲल्युमिनियम.

ॲल्युमिनियमचा कारखाना जाँकिएरच्याच आर्व्हिडा भागात आहे. १९२० च्या दशकात कंपनीने तिथे कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं आणि कंपनीचे प्रमुख आर्थर व्हायनिंग डेव्हिस यांच्या नावातली अक्षरं घेऊन त्याला नाव दिलं. बॉक्साइट तिथे मिळत नाही, ते जहाजाने बाहेरून येतं. पण ॲल्युमिनियम वितळवायला वीज लागते ती अफाट, आणि सॅगनेच्या पाण्यावर ती स्वस्तात मिळत होती. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी लागणारी धातू इथून जायची, म्हणून कारखान्याच्या रक्षणासाठी जवळच बॅगोटव्हिलला हवाई दलाचा तळ झाला. तो पुढे शीतयुद्धातही वापरात होता. म्हणजे खाली चोवीस तास धुमसणारा कारखाना, वर लढाऊ विमानं आणि बातम्यांत अणुबॉम्ब. अशा गावात अवे लहानाचा मोठा झाला. कारखान्याचा तो अखंड आवाज आपल्या संगीतात उतरला, असं त्याने मुलाखतींत अनेकदा सांगितलंय.

जाता जाता एक धागा: आर्व्हिडाचा कारखाना तेव्हा ज्या अल्कन कंपनीचा होता, तिचीच मोठी भागीदारी आपल्या बेळगावच्या इंडालमध्ये होती, २००० साली हिंदाल्कोने ती विकत घेईपर्यंत. बेळगावातल्या ज्यांच्या घरी कोणी इंडालला होतं, त्यांना 'कंपनीचं गाव' म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आडगावाचा आणखी एक परिणाम झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे बँड रोज एकमेकांना ऐकत होते, एकमेकांचे गिटारवादक पळवत होते. त्यामुळे त्यांचा आवाज एका वळणाचा झाला. जाँकिएरमध्ये 'असं वाजवायचं नसतं' हे सांगायला कोणी नव्हतं. मोटरहेड, व्हेनम, इंग्लंडच्या डिस्चार्जसारखे पंक बँड हे सगळं रेकॉर्डवरून यायचं, आणि पिगीच्या खोलीत त्याच्याच शेजारी किंग क्रिम्सन, पिंक फ्लॉइड, रश असे प्रयोगशील रॉकवाले. कुठली रेकॉर्ड कुठल्या कप्प्यात ठेवायची हे या पोरांना कोणी शिकवलंच नाही.

चौघांना आधीपासून वाजवता येत होतं का?

पिगीला उत्तम. तो बाकीच्यांपेक्षा काही वर्षांनी मोठा, जन्म १९५९ चा. बाकीचे शिकत होते, आणि ते रेकॉर्डिंगमध्ये लपत नाही. मला हीच या बँडची सगळ्यात आवडती गोष्ट वाटते. बहुतेक बँड शिकून झाल्यावर रेकॉर्ड काढतात. यांनी शिकणंच रेकॉर्ड केलं. १९८४ चा अवे आणि १९८८ चा अवे लागोपाठ ऐका, चार वर्षांत हात किती फिरला ते कळेल.

मातृभाषा फ्रेंच, मग गाणी इंग्रजीत का?

ज्यांची गाणी ऐकून ते वाढले ते सगळे इंग्रजीत गात होते, आणि रेकॉर्ड कंपन्याही तिकडच्याच. पण स्नेकला तेव्हा इंग्रजी बेताचंच यायचं. त्यामुळे सुरुवातीच्या गाण्यांत वाक्यं कमी आणि शब्दच जास्त: युद्ध, बर्फ, लोखंड, रक्त, स्फोट. क्रियापदांचा पत्ता नाही. उच्चारही त्याचेच. इंग्रजी शब्दावर फ्रेंच आघात पडला की तो शब्द भलत्याच ठिकाणी टोचतो. व्याकरण शोधायला गेलात तर हसू येईल. तशी गाणी मुंबई-पुण्यातल्या आपल्या पोरांनीही लिहिलीत, त्यामुळे आपण तरी हसू नये.

'किलिंग टेक्नॉलॉजी'पर्यंत हेच व्यंग त्याची शैली होऊन जातं. तुटक, तारेच्या मजकुरासारख्या ओळी. अंतराळयानातून कोणीतरी अहवाल पाठवतोय असं वाटतं.

पहिली रेकॉर्ड निघाली कशी? ओळख तर कोणाचीच नव्हती.

टपालाने. तेव्हा जगभरचे मेटलवाले एकमेकांना कॅसेट पाठवायचे. तुम्ही तुमच्या गावच्या बँडची कॅसेट कॉपी करून पाठवायची, समोरचा त्याच्या गावची पाठवणार. व्हॉयव्हॉडचा 'टू द डेथ' हा डेमो १९८४ च्या सुरुवातीचा. सरावाच्या जागेत, आहे त्या सामानावर रेकॉर्ड केलेला. त्यात स्वतःच्या गाण्यांबरोबर व्हेनम आणि मर्सिफुल फेटची गाणीही होती. हा डेमो पुढे २०११ साली रीतसर रेकॉर्ड म्हणून बाजारात आला.

फिरत फिरत हे नाव लॉस एंजेलिसच्या ब्रायन स्लेगलपर्यंत पोचलं. याच माणसाने आपल्या 'मेटल मॅसकर' या संकलनांतून आधी मेटॅलिकाचं आणि मग स्लेयरचं पहिलंवहिलं गाणं लोकांसमोर आणलं होतं. १९८४ च्या पाचव्या भागात त्याने व्हॉयव्हॉडचं 'कन्डेम्ड टू द गॅलोज' घेतलं आणि त्याच वर्षी त्याच्या मेटल ब्लेड कंपनीने 'वॉर अँड पेन' काढला.

'वॉर अँड पेन' इतका गचाळ का वाजतो?

पैसे नव्हते, वेळ नव्हता आणि हात बसायचे होते. तिन्ही कारणं खरी.

पण गचाळपणातही दोन गोष्टी कान देऊन ऐका. पहिली, ब्लॅकीचा बास. बासचं काम खाली पाया धरून राहण्याचं, असं समजलं जातं. ब्लॅकीने बासवर इतकं डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणं) चढवलं की तो दुसरी गिटारच वाजवतोय असं वाटतं. या आवाजाला बँडवाले 'ब्लोअर बास' म्हणायचे. दुसरी, अल्बम संपवणारं 'न्यूक्लियर वॉर' हे गाणं. बाकी सगळा अल्बम धावत सुटलेला आणि हे एकच गाणं पाय ओढत चालतं. विशीतली पोरं वेगाच्या नशेत असताना शेवटचं गाणं मुद्दाम संथ करतात, याचा अर्थ डोक्यात काहीतरी वेगळं शिजत होतं.

'र्‍रोऽऽऽर' हे नाव खरंच तसंच लिहितात?

त्याहून वाईट. मूळ रोमन लिपीत तीन आर, तीन ओ, तीन ए आणि पुन्हा तीन आर, शिवाय ओंच्या डोक्यावर जर्मन पद्धतीचे टिंबटिंब. त्या टिंबांना इथे काहीही अर्थ नाही, ते शिंगांसारखे दिसतात म्हणून.

अल्बम १९८६ चा. तोवर मंडळी जाँकिएर सोडून मॉन्ट्रियलला आली होती आणि बर्लिनच्या नॉइज कंपनीशी करार झाला होता. १९८५ च्या नोव्हेंबरात मॉन्ट्रियलला सेल्टिक फ्रॉस्ट, पझेस्ड आणि डिस्ट्रक्शन यांच्याबरोबर मोठ्या मैफलीत वाजवून झालं होतं. अल्बमबद्दल मात्र स्पष्ट बोलतो: चारांतला हा सगळ्यात कमकुवत. नुसता गोंगाट आहे. 'थ्रॅशिंग रेज' आणि 'कॉर्गुल द एक्स्टरमिनेटर' ऐका आणि पुढे चला. याच अल्बमवर जीव टाकणारे लोक आहेत, त्यांच्याशी माझं कधी पटलं नाही.

मग बर्लिनमध्ये असं काय झालं?

१९८६ च्या शेवटी बँड 'किलिंग टेक्नॉलॉजी' रेकॉर्ड करायला पश्चिम बर्लिनच्या म्युझिक लॅब स्टुडिओत गेला. हॅरिस जॉन्स तिथला ध्वनिमुद्रक आणि निर्माता. त्याच वर्षी क्रिएटरचा 'प्लेझर टू किल' त्याच्याच हातून झाला होता. वेगाने वाजणाऱ्या चार वाद्यांना एकमेकांच्या अंगावर न पाडता कसं उभं करायचं, हे त्याला येत होतं. व्हॉयव्हॉडमध्ये नेमकं काय काय चाललंय ते लोकांना पहिल्यांदा ऐकू आलं ते इथे.

आणि शहर कुठलं, तर मधोमध भिंत घातलेलं. १९८६ साल कसलं होतं तेही आठवून पाहा. जानेवारीत चॅलेंजर यान आकाशात फुटलं, एप्रिलमध्ये चेर्नोबिल झालं आणि रेगन सरकारची अवकाशात क्षेपणास्त्रं अडवण्याची योजना रोज बातम्यांत. ॲल्युमिनियमच्या गावातून आलेल्या या चौघांना नवे विषय शोधायला जावं लागलं नाही. 'ओव्हररिॲक्शन' हे गाणं अणुभट्टी हाताबाहेर जाण्याबद्दल आहे, 'रॅव्हनस मेडिसिन' प्रयोगशाळेतल्या प्राण्यांबद्दल. पहिल्या अल्बममधला योद्धा इथे यंत्राला जोडला गेलाय.

शीर्षकगीत सुरू होतं तेव्हाच कळतं की आता पाया बदललाय. वेग आहे, पण वेगाचं कौतुक संपलंय. रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, मधेच वळतो, थांबतो, एक मात्रा खाऊन पुढे जातो.

पिगीच्या गिटारबद्दल एवढं का बोलतात? साध्या भाषेत सांगाल?

प्रयत्न करतो. गिटार हातात असेल तर बरंच, नसेल तर पेटीवर करून बघा.

रॉक आणि मेटलचा सगळा संसार 'पॉवर कॉर्ड'वर चालतो. पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प एकत्र. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) पहिलं बोट, शेजारच्या तारेवर सातव्या फ्रेटवर दुसरं. भक्कम, सरळ, कुठलीही शंका नसलेला आवाज.

आता ते दुसरं बोट एक फ्रेट मागे घ्या, सहाव्यावर. पंचमाच्या जागी तीव्र मध्यम आला. बोट जेमतेम इंचभर सरकलं, पण खोलीतली हवा बदलली. इथपर्यंत ब्लॅक सबाथ आधीच पोचले होते. त्यांच्या नावाच्या गाण्याचा सगळा दरारा याच अंतरावर उभा आहे. आता करंगळी तिसऱ्या जाड तारेवर आठव्या फ्रेटवर ठेवा. हा वरच्या सप्तकातला कोमल रिषभ. सा, तीव्र म, कोमल रे, तिन्ही एका फटक्यात आणि भरपूर डिस्टॉर्शनवर. पिगीच्या घराण्याचा आवाज साधारण असा आहे. प्रत्येक गाण्यात हाच कॉर्ड नाही, पण वृत्ती हीच.

आपल्या कानाला हे स्वर परके नाहीत. कोमल रे आणि तीव्र म म्हणजे मारवा, पूरिया, श्री. संध्याकाळचं ते उगाच पोटात कालवणं. फरक असा की मारव्यात हे स्वर एकामागून एक, आळवून येतात. पिगी त्यांना एकमेकांवर आपटतो. पाश्चात्त्य ऐकणाऱ्याला ती नुसती विसंगती वाटते. मला पहिल्यांदा ऐकताना कानाच्या मागे कुठेतरी तानपुरा असल्याचा भास झाला होता, आणि मी काही फार शास्त्रीय ऐकणारा नव्हे.

दुसरं, मात्रा. सात मात्रांचा रिफ त्याला सहज जमतो. आपल्याला रूपक माहीत असतो म्हणून सात मोजणं जड जात नाही. पण मेटलच्या गर्दीला चारात मान हलवायची सवय. पिगी सात वाजवतो, अवे कधी त्याच्याबरोबर जातो, तर कधी आपला सरळ ठेका धरून राहतो, आणि दोघं काही फेऱ्यांनी समेवर भेटतात. मैफलीत मान हलवणारे बिचारे मधेच चुकतात.

कव्हरवरचा तो प्राणी कोण? चित्रं कोणाची?

सगळी अवेची. आजतागायत बँडच्या प्रत्येक अल्बमचं चित्र ड्रमरने काढलंय, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. प्राणी म्हणजे तोच योद्धा, व्हॉयव्हॉड. 'वॉर अँड पेन'वर तो अणुयुद्धानंतरच्या ओसाड जगात शस्त्रं घेऊन उभा आहे. पुढे तो हळूहळू यंत्रमानव होत जातो आणि 'किलिंग टेक्नॉलॉजी'वर अंतराळात गेलेला असतो. अल्बम ओळीने मांडले की एकाच पात्राची चित्रकथा तयार होते. रेषा सुरुवातीला शाळेच्या वहीच्या मागच्या पानावरची वाटते. तीही अल्बमगणिक सुधारत गेली. (२००४ साली निर्व्हाणाचा ड्रमर डेव्ह ग्रोल याने आपल्या आवडत्या मेटल गायकांना घेऊन 'प्रोबॉट' हा अल्बम केला, त्याचं कव्हर अवेचं आणि त्यातलं एक गाणं स्नेकच्या आवाजात आहे.)

'डायमेन्शन हॅट्रॉस'ची गोष्ट काय आहे? मला काहीच कळली नाही.

मलाही शब्द वाचल्यावरच कळली. तो योद्धा कणांना आदळवणारं यंत्र बांधतो, त्यातून एक इवलंसं समांतर विश्व तयार होतं आणि तो त्यात शिरतो. आत टोळ्या आहेत, अंदाधुंदी माजवणारे आहेत, यंत्रांनी लोकांना ताब्यात ठेवणारे आहेत. एकेका गाण्यात एकेकाची गाठ पडते, आणि शेवटी ते विश्व टिकत नाही.

हाही अल्बम हॅरिस जॉन्सकडेच बर्लिनमध्ये झाला. 'ट्रायबल कन्व्हिक्शन्स' या गाण्याच्या सुरुवातीला अवे जे ढोलासारखं वाजवतो, त्यात सहा वर्षांपूर्वीचा धडपडणारा पोरगा कुठेच दिसत नाही. स्नेक आता ओरडत नाही, गातो. इंग्लंडच्या किलिंग जोकचा प्रभाव ऐकू येतो. मला विचाराल तर बँडची सगळ्यात उंच जागा हीच. पुढच्या 'नथिंगफेस' अल्बमवाले मला मारायला धावतील, धावू देत.

'नथिंगफेस' या काळात का धरला नाही?

कारण १९८९ मध्ये बँड मोठ्या कंपनीकडे गेला आणि पुढची गोष्ट वेगळी होते. त्यातलं 'ॲस्ट्रॉनॉमी डोमिनी' हे पिंक फ्लॉइडचं गाणं, त्याचा व्हिडिओ टीव्हीवर लागला आणि बिलबोर्डच्या यादीत अल्बम ११४ व्या क्रमांकावर पोचला. त्या यादीत या बँडचा दुसरा अल्बम शिरलेला नाही. १९९० च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या दौऱ्यात व्हॉयव्हॉडच्या आधी मंचावर कोण चढायचं, तर साउंडगार्डन आणि फेथ नो मोअर. दोघांचं पुढे किती नाव झालं ते जगाला माहीत आहे.

एवढं सगळं असून लोकांना माहीत का नाही?

माझा अंदाज असा. 'वॉर अँड पेन' ज्याला आवडला त्याला 'किलिंग टेक्नॉलॉजी' फार डोकेबाज वाटला. ज्याला तो आवडला, त्याला पुढचे अल्बम मऊ वाटले. दर दोन वर्षांनी नवं गिऱ्हाईक शोधायचं म्हणजे दुकान चालायचं कसं? शिवाय थ्रॅश म्हटलं की कॅलिफोर्नियाच्या तीन आणि न्यूयॉर्कच्या एका बँडपाशी बहुतेकांची यादी संपते. कॅनडा आधीच मागच्या बाकावर, त्यात क्वेबेक, त्यात जाँकिएर.

वाजवणाऱ्यांत मात्र यांना मान कधीच कमी नव्हता. मेटॅलिका सोडल्यावर जेसन न्यूस्टेड २००२ मध्ये कोणाकडे बास वाजवायला गेला? व्हॉयव्हॉडकडे.

कॅनडातले बाकीचे थ्रॅश बँड?

गेल्फचा रेझर, टोरांटोचे सॅक्रिफाइस आणि स्लॉटर, ओटावाचे एक्सायटर आणि ॲनाइलेटर. नुसता वेग हवा असेल तर रेझरचा १९८५ चा 'ईव्हिल इन्व्हेडर्स' लावा, प्रश्नच मिटला. त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

'किलिंग टेक्नॉलॉजी'पासून. मग 'डायमेन्शन हॅट्रॉस'. मग मागे येऊन 'वॉर अँड पेन', तोवर कान तयार झालेले असतील.

काहीही करा, पण अल्बम गाण्यांच्या क्रमानेच ऐका. हे अनुभवाचे बोल. मला हा बँड पुण्यात एका मित्राने दिलेल्या सीडीवर मिळाला. चारही अल्बमची गाणी एकाच फोल्डरमध्ये, इंग्रजी वर्णमालेनुसार लागलेली. त्यामुळे १९८४ चं 'ब्लोअर' संपलं की लगेच १९८८ चं 'ब्रेन स्कॅन' सुरू व्हायचं. एक गाणं गटारात वाजल्यासारखं, पुढचं काचेसारखं स्वच्छ. गायक तोच, पण मधेच गाणं शिकून आल्यासारखा. जवळजवळ वर्षभर मला वाटायचं की यांचे दोन वेगळे स्टुडिओ आहेत आणि हे मूड बघून ठरवतात.

पिगी आता काय करतो?

पिगी २६ ऑगस्ट २००५ रोजी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेला, वयाच्या ४५ व्या वर्षी. आपल्या लॅपटॉपवर त्याने गिटारचं बरंच काम रेकॉर्ड करून ठेवलं होतं. बाकीच्यांनी त्यावर आपापली वाद्यं चढवून २००६ आणि २००९ मध्ये दोन अल्बम पुरे केले. २००८ पासून त्याच्या जागी डॅनियल माँग्रें वाजवतो. क्वेबेकचाच, पिगीचे कॉर्ड पोरवयात घोकून तयार झालेला. २०१९ मध्ये या नव्या संचाला 'द वेक' अल्बमसाठी कॅनडाचा जूनो पुरस्कार मिळाला.

घरातल्या मोठ्या माणसांसमोर लावता येईल का?

दुसरा अल्बम नको, त्यात एका गाण्याचं नावच शिवी आहे. बाकीचे लावायला हरकत नाही, इंग्रजी शब्द तसेही कोणाला कळत नाहीत.

आमच्याकडे एका रविवारी 'डायमेन्शन हॅट्रॉस' लागला होता. वडील पेपर वाचत होते. ते मारवा-पूरिया ऐकणारे, मी गाणी लावली की दार लावून घेणारे. दोन गाणी झाली, दार काही लागलं नाही. तिसरं निम्म्यावर आलं तेव्हा त्यांनी पेपर खाली घेतला आणि विचारलं, "हे षड्जावर का येत नाहीयेत?" मग मी काही बोलायच्या आत म्हणाले, "आवाज जरा कमी कर, पण बंद नको करूस."